ताटातलं पाणी

बाबा ताटात हात धुवायचे. सांगायला एवढीशी गोष्ट, पण आमच्या घरातली निम्मी भांडणं तिथून सुरू व्हायची. ताकभाताचा शेवटचा घास पोटात गेला की पेल्यात मुद्दाम राखलेलं पाणी ते उजव्या हातावर ओतायचे, बोटं एकमेकांवर चोळायचे, ते पाणी ताटभर एकदा गोल फिरवायचे आणि समाधानाने उठायचे. स्टीलच्या ताटात पाणी पडल्याचा तो आवाज आला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बेसिन तीन पावलांवर आहे." बाबा म्हणायचे, "माहीत आहे." आई नागपूरची. तिच्या माहेरी हे एखाद्या पाहुण्याने केलं असतं तरी मागे कुजबुज झाली असती. बाबा मिरजेजवळच्या एका खेड्यातले. आमच्याकडे सगळे असंच करतात, हे त्यांचं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर असं, की ताट ओलं राहिलं म्हणजे खरकटं वाळून कडक होत नाही, घासणारीला सोपं जातं. आपण घासणारीवर उपकार करतो आहोत अशी त्यांची मनापासून समजूत होती, आणि खुद्द घासणारी नको नको म्हणत असताना ती तसूभरही ढळली नाही. मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटायचा. सतराव्या वर्षी आईवडिलांच्या बहुतेक गोष्टी हट्टच वाटतात.

आमचं लेआउट, म्हणजे वसाहत, बंगळुराबाहेर बोम्मसंद्राच्या पुढे, हायवेपासून बरंच आत होतं. बाबांच्या सरकारी कारखान्यातल्या लोकांनी सोसायटी करून घेतलेले प्लॉट, त्यावर एकेक करून उठलेली घरं, एक गणपतीचं देऊळ, एक शाळा, एक बेकरी आणि पलीकडे तळं. शहर म्हणावं तर भाजीवाला दाराशी येऊन चौकशी करून जायचा, आणि खेडं म्हणावं तर रात्रंदिवस हायवेवरच्या ट्रकांची घरघर ऐकू यायची. त्या उन्हाळ्यात एकामागून एक बोअरवेल आटल्या. आमचीही आटली. मोटर चालू केली की ती पाणी ओढायची नाही, नुसती कोरडी गुरगुरायची, आणि बाबा धावत जाऊन ती बंद करायचे. मग टँकर. टँकर केव्हा येईल हे कुणालाच माहीत नसायचं, म्हणून घरातलं एक माणूस कायम कान देऊन बसलेलं असायचं. हॉर्न वाजला की आई हातातलं टाकून बाहेर. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं कढीपत्त्याच्या कुंडीला, आंघोळीचं बादलीत धरून संडासाला. आज माझ्या घरी नळ सोडला की पाणी येतं. तरी रस्त्यावर एखादी अवजड गाडी हॉर्न देत गेली की माझा हात आधी बादलीकडे जातो, आणि मग मलाच हसू येतं.

आईला त्या लेआउटमध्ये इतकी वर्षं काढूनही आपलं म्हणावं असं काही नव्हतं. बाबांना कारखाना होता, मला कॉलेज. तिचं कन्नड भाजीवाल्यापुरतं होतं, चार बायका जमल्या की ती हसून मान हलवायची आणि घरी येऊन मला विचारायची, त्या काय बोलून राहिल्या होत्या. मग एकदा कुणाच्या तरी मुंजीनंतर तिने तळ्याच्या काठी टाकलेला प्लास्टिकच्या ताटल्यांचा ढीग पाहिला. गाई त्यात तोंड घालत होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर जाऊन एकच मागायला लागली: वापरात नसलेलं स्टीलचं ताट. प्रत्येक घरात असतातच ती, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्याबरोबर शेजारच्या सरोजअक्का असायच्या. त्यांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं. त्या दारात उभं राहून कन्नडमध्ये गोड बोलायच्या आणि आई पिशवी उघडी धरायची. बघता बघता दीडशे ताटं झाली. प्रत्येकावर नाव कोरलेलं. कानडी अक्षरं, तमिळ अक्षरं, आपली देवनागरी. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं, कुणा आत्याने दिलेलं. असोसिएशनच्या हॉलमागच्या अडगळीच्या खोलीत आईने ती रचून ठेवली. कुणाकडे कार्य असलं की ताटं न्यायची, घासून परत आणायची. लोक तिला ताटाच्या अक्का म्हणायला लागले. दुपारी झोपायचं सोडून ती त्या खोलीत जाऊन ताटं पुसत बसायची आणि एकेकाचं नाव मोठ्याने वाचायची. तिला कानडी अक्षरं यायला लागली ती अशी.

हवामान मेळा ही कल्पना मूर्तीसरांची. ते असोसिएशनचे सेक्रेटरी, निवृत्त प्राध्यापक, बारीक अंगाचे आणि कायम घाईत असलेले. बोअर आटल्यावर नुसती रडारड करण्यापेक्षा लोकांना एकत्र आणून काही शिकवू, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या मैदानावर दिवसभर मेळा. ओल्या कचऱ्याचं खत, छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची पद्धत, उन्हावर चालणारी चूल, पायाने फिरवायचा मिक्सर, मुलांची चित्रं, रोपांची देवघेव. आणि दुपारी सगळ्यांना जेवण. या जेवणावरून मीटिंगमध्ये ठिणगी पडली. आई म्हणाली, आपली ताटं आहेत. मूर्तीसर म्हणाले, "मॅडम, टँकरसाठी भांडणारी माणसं आपण, आणि हवामान मेळ्यात ताटं धुवायला पाणी ओतायचं? पानांच्या प्लेटा आणू. आणि ती खोलीसुद्धा पाण्याच्या फिल्टरसाठी लागणार आहे." त्यांचं काही चुकत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही त्यांच्याच बाजूची होते.

आई उभी राहिली. मीटिंगमध्ये ती पहिल्यांदाच उभी राहिली असेल. "दोन ड्रम द्या," ती म्हणाली. निळे ड्रम असायचे प्रत्येक गेटशी, टँकरचं पाणी साठवायचे. मूर्तीसर म्हणाले, "जेवायला चारशे माणसं येतील. ताटं दीडशे. म्हणजे तीच ताटं पुन्हा पुन्हा धुवायची. दोन ड्रममध्ये?" आई म्हणाली, "दोन ड्रममध्ये." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मूर्तीसर हसले नाहीत, ते सरळ माणूस होते. ते म्हणाले, दोन ड्रममध्ये सगळी माणसं ताटावर जेवली तर खोली तुमची, पुन्हा कुणी विषय काढणार नाही. नाही झालं तर ताटं हलवायची. आई म्हणाली, "सरी," म्हणजे ठीक आहे. तिचा तो सरी अगदी इथल्या बायकांसारखा आला.

घरी येताना बाबा आमच्या दहा पावलं पुढे चालत होते. कुलूप उघडताना म्हणाले, "लोकांची उष्टी काढायला कबूल झालीस. चारचौघांत."

"मी पाणी वाचवायला कबूल झाली."

"नाव काहीही दे."

एवढं बोलून ते जे गप्प झाले ते झालेच. बाबा भांडायचे तेव्हा मला भीती वाटायची नाही. ते गप्प बसले की वाटायची. ताटली सरकवल्याचा आवाज, खुर्चीचा आवाज, ताटात पाणी पडल्याचा आवाज, बस. आईनेही बेसिनचं वाक्य म्हणायचं सोडून दिलं. त्या आठवड्यांत मी घरात पाय न वाजवता चालायला शिकले.

आईचं सगळं लक्ष गच्चीवर होतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरायचा. त्याच्याकडून ती राख आणायची आणि जुन्या ओढणीतून चाळून पिठासारखी बारीक करायची. पद्धत अशी: खरकटं आधी गाईच्या बादलीत निपटून काढायचं, मग कोरड्या ताटावर कोरडी राख घालून नारळाच्या शेंडीने घासायचं. तेल-तूप राखेत जातं आणि राख झटकली की ताट जवळपास स्वच्छ. मग तीन टबांतून एकेक बुडी, आणि उन्हात उभं करायचं. पाणी लागतं ते फक्त राखेचा उरलेला थर उतरवायला. सगळी मेख कोरडेपणात होती. ताट ओलं असलं तर राखेचा चिखल होतो, तो ताटाला चिकटतो, टबात उतरतो आणि एका ताटापायी अख्खा टब काळा होतो. हे आम्ही गच्चीवर करून पाहिलेलं होतं. मेनूसुद्धा तिने घासण्याच्या हिशोबाने ठरवला. चित्रान्न, कोरडा झुणका, ज्वारीची भाकरी, काकडीची कोसंबरी, गूळपोळी, पेल्यात ताक. रस्सा नाही. नागपूरच्या बाईने तर्रीवर पाणी सोडलं म्हणजे तिच्या जिवाचं काय होऊन राहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. सारू नसलेलं जेवण जेवण कसलं, असं सरोजअक्कांनी दोनदा सुचवून पाहिलं. "स्वल्प तरी, कुमुद," त्या म्हणाल्या. आईने स्वल्पही मान्य केलं नाही.

मेळ्याच्या आदल्या दिवशी बाबा कामावरून आले, चहा घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या मंडळातल्या सगळ्यांना सांगितलंय. पहिल्या पंगतीला येतील." मंडळ म्हणजे आमच्या भागातलं मराठी मंडळ, बहुतेक कारखान्यातलेच, बाबांपेक्षा वयाने मोठे, निवृत्त झालेले. "तुझ्या ताटांवर जेवणारी माणसं नकोत का?" असं म्हणून ते आंघोळीला गेले.  आईने कणीक जरा जास्तच जोरात मळली. माझ्या छातीवरचा दगड उतरला. बाबांना माफी मागता यायची नाही, ते माणसं घेऊन यायचे.

दुसऱ्या दिवशी ऊन सकाळीच तापलं. मैदानात मांडव, माइकवर मुलांची गाणी, मिक्सरच्या सायकलीभोवती ही गर्दी. मांडवाच्या टोकाला आमचे तीन टब, मागे दोन निळे ड्रम, त्यांना मूर्तीसरांनी स्वतः येऊन झाकणं लावून घेतलेली. पिण्याचं पाणी वेगळं, कॅनमधून पेल्यात. खरकटं काढायला कॉलेजची चार मुलं, राखेवर मी आणि सरोजअक्का, टबांवर तीन बायका, आणि आई सगळीकडे. तिने पदर खोचला होता आणि घामाने तिचं कुंकू उतरून नाकावर आलं होतं. मी सांगितलं तर म्हणाली, राहू दे.

पहिली पंगत बसली. सतरंज्यांच्या दोन रांगा, बाबा आणि मंडळाचे लोक अगदी पुढे, इस्त्रीचे शर्ट, पांढरे रुमाल. बाबा यजमानासारखे वाढणाऱ्यांना हाका मारत होते. पाटणकरकाका, मंडळातले सगळ्यांत वडील, झुणका दोनदा मागून घेऊन म्हणाले, "वहिनींनी गाव जेवायला घातलं म्हणायचं." बाबांचा चेहरा इतका फुलला होता की मी राखेचं घमेलं सोडून बघत उभी होते. म्हणूनच मला ते दिसलं. बाबांनी ताक संपवलं, शेजारचा पाण्याचा पेला उचलला आणि हातावर ओतला. बोटं चोळली. ताट एकदा गोल फिरवलं. मी "बाबा" असं म्हणाले असेन, पण माइकवर पोरं गात होती. यजमानाने हात धुतला म्हणजे पंगतीला उठायची मोकळीक झाली. पाटणकरकाकांनी पेला उचलला. त्यांच्या शेजारच्यांनी उचलला. पाणी पडण्याचा तो घरचा आवाज रांगेतून पुढे पुढे जात गेला, पहिल्या ताटापासून शेवटच्यापर्यंत, आणि समोरच्या रांगेतले लोक, आज इथे असंच करायचं असेल असं समजून, तेही ताटात हात धुवायला लागले.

कॉलेजच्या मुलांना काही माहीत नव्हतं. त्यांनी ताटं कलती करून पाणी ओतून दिलं आणि ओली, पिवळट, भाकरीचा लगदा चिकटलेली ताटं माझ्यासमोर रचली. मी एकावर राख टाकली. तिचा चिखल झाला. सरोजअक्का म्हणाल्या, "अय्यो, हे काय गं." फडक्याने पुसायला घेतली, तर फडकी किती पुरणार. तोवर दुसरी पंगत बसून गेलेली, वाढपी ताटं मागायला आलेले, आणि टबावरच्या बायकांनी घाईत समोर आली तशी ताटं पाण्यात घातली. पहिला टब काळा झाला. मग दुसरा. आई धावत आली, टबात पाहिलं, राखेच्या घमेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिने विचारलं नाही. मान वळवून तिने पंगतीकडे पाहिलं. बाबा रुमालाला हात पुसत उभे होते आणि पाटणकरकाकांना सांगत होते की गूळपोळी आमच्या घरची आहे. त्यांचं लक्ष आईकडे गेलं. ते हसले. मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू ओसरलं, आणि ते हळूहळू आमच्याकडे चालत आले. त्यांनी टबात वाकून पाहिलं. इंजिनिअर माणूस, गच्चीवर आमच्याशी एक शब्द न बोलता ते सगळं बघत होतेच. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

आई म्हणाली, "टब ओता. झाडांना घाला. नवीन भरा." तीन टब नव्याने भरले तेव्हा पहिला ड्रम संपला होता, आणि धड धुतलेली ताटं होती मूठभर.

त्यानंतरचे दोन तास मला अजून अंगावर आठवतात. आई ड्रमाशी उभी राहिली आणि मगाने मोजून पाणी द्यायला लागली. कुणी जास्त बुडवलं की तिचा हात मध्ये. ती एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आणि बाबा पंगतीत फिरायला लागले. दुसऱ्या पंगतीला, तिसऱ्या पंगतीला, प्रत्येक माणसापुढे कमरेत वाकून ते आपल्या मिरजेच्या कन्नडमध्ये सांगत होते, "तट्टेल्लि कै तोळीबेडि. ताटात हात धुऊ नका. दयमाडि, कृपा करून." त्या पंगतींत बहुतेक कानडी आणि तमिळ माणसं. त्यांच्यातलं कुणी आपणहून तसं करणारच नव्हतं. ती चमकून बाबांकडे बघायची, काही मनातून दुखावलीही असतील. एका म्हातारीने त्यांना सुनावलं, की आम्हाला कळतं बाबा, तू आम्हाला काय शिकवतोस. बाबा हात जोडून पुढच्या माणसाकडे. शर्ट पाठीला चिकटलेला, आवाज बसलेला. कारखान्यात ज्यांच्यासमोर शिपाईही आवाज चढवत नसे ते माझे वडील. मला रडू येत होतं आणि राखेचे हात डोळ्याला लावता येत नव्हते.

शेवटची पंगत राहिली ती राबणाऱ्यांची. खरकटं काढणारी मुलं, वाढपी, स्वयंपाकाच्या बायका, मी, सरोजअक्का. ताटं सगळी उष्टी पडलेली. आईने ड्रम कलता केला. तळाशी मगभर गाळ होता. मूर्तीसर जवळच उभे होते. ते आईपर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, गेटवरून एक बादली मागवतो. आता कोण मोजतंय?"

"मी मोजून राहिली," आई म्हणाली.

बाबा पुढे झाले. "मूर्तीसर, एक मिनिट," ते इंग्रजीत म्हणाले, "यात तिची चूक नाही, ती चूक..." आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की वाक्य तिथेच थांबलं. ती सरळ माइककडे गेली. मुलं बाजूला झाली. दिवसभरात कशाची वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा तिच्या कन्नडची वाटली. ती म्हणाली, "नीरु साकागलिल्ला." पाणी पुरलं नाही. मग जरा थांबून, "नानु सोते." मी हरले. एवढी दोन वाक्यं, अगदी शुद्ध. तिने माइक मूर्तीसरांच्या हातात दिला आणि परत येऊन आम्हाला गूळपोळ्या हातावर वाढल्या. आम्ही उभ्यानेच खाल्ल्या. 

संध्याकाळी घरी खिचडी होती.  बाबांचं जेवण झालं, हात सवयीने पेल्याकडे गेला आणि थबकला. ते उठले, बेसिनपाशी गेले, नळ फिरवला. नळाला पाणी नव्हतं. टँकर आलाच नव्हता. ते तसेच खरकटा हात बेसिनवर धरून पाठमोरे उभे राहिले. आईने बादलीतून तांब्या भरला आणि जाऊन त्यांच्या हातावर धार धरली.

"माझी आई गावात लग्नकार्यं असली की उष्टी काढायला जायची," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "मी बरोबर असायचो. पंगतींमागून पंगती उठेपर्यंत ताटं वाळून दगड व्हायची. तिची नखं उलायची. जो ताटात हात धुवायचा ना, त्याला ती मनातल्या मनात आशीर्वाद द्यायची. मला सांगायची, तू असं करत जा."

 तांब्या संपला होता तरी आईने तो तसाच वाकडा धरलेला होता. मग म्हणाली, "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हे सांगितलं कायले नाही?"

"काय सांगू? आई लोकांची उष्टी काढायची, हे?"

आजीला मी पाहिलेलं नाही; मी जन्मायच्या आधीच ती गेली. तिच्याबद्दल मला त्या दिवसापर्यंत एवढंच माहीत होतं की ती फार कडक होती. आईने तांब्या खाली ठेवला आणि बाबांच्या हाताला पदर दिला.

खोली गेली. मूर्तीसर दोनदा म्हणाले, राहू द्या. आईने ऐकलं नाही. पुढच्या रविवारी लोक आपापली ताटं न्यायला आले, नावं वाचून वाचून. आई दारात उभी राहून ज्याचं त्याला देत होती, आणि कानडी नावं तीच वाचून दाखवत होती. सरोजअक्का आपली ताटं छातीशी धरून म्हणाल्या, "खोली गेली तर गेली. ताटं माझ्या घरी आहेत, कुमुद. माग तेव्हा देते." तसंच झालं. पुढे कुणाकडे काही कार्य निघालं की लोक आईकडे यायचे, कारण कुणाच्या घरात कोणाच्या नावाची किती ताटं आहेत हे तिला तोंडपाठ होतं. ती घरोघर फिरून ताटं गोळा करायची, आणि राखेची पिशवी घेऊन तिच्यामागून बाबा. खोलीतला फिल्टर मात्र वर्षभरात बंद पडला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या संध्याकाळनंतर बाबांनी ताटात हात कधीच धुतला नाही. त्याबद्दल घरात कुणी कधी काही बोललंही नाही. शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी माहेरी जाऊन राहिले होते. त्यांना भरवलेलं आवडायचं नाही. उशांना टेकून, थरथरत्या हाताने वरणभात स्वतःच खायचे, आणि संपला की हात वर धरून, कुणी हात धुवायला पाण्याची वाटी आणेल याची वाट बघत बसायचे. भात बोटांवर वाळून जायचा. सांभाळायला येणारी बाई वैतागायची, ताटात धुऊन टाका म्हणायची, ते मान हलवून नाही म्हणायचे. एकदा आईच ताट न्यायला आली. तिचे गुडघे गेलेले, चार पावलं चालायची तर भिंत धरावी लागायची. ती पलंगाच्या कडेवर बसली, पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला आणि म्हणाली, "धुवा ताटात. मी सांगून राहिली आहे, धुवा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना बोलणं जड जायचं तेव्हा. "राहू दे," ते म्हणाले. "वाटी आणशील तेव्हा आण." आणि हात तसाच वर धरून राहिले. आई भिंतीला धरून उठली, वाटी आणायला गेली.